छातीत धडधडतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल!

'चिंते इल्लदवनिगे संतेयल्लू निद्दे' ही कन्नड म्हण आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांनाही ठाऊक आहे. ज्याला चिंता नाही, त्याला भरल्या बाजारातसुद्धा झोप लागते. मराठी म्हण त्याच्या पुढं जाते : मन चिंती ते वैरी न चिंती. दोन्ही म्हणी अनुभवाच्या आहेत. पण जुन्या माणसांना जी गोष्ट माहीत असण्याचा मार्ग नव्हता, ती आज आपल्याला माहीत आहे. चिंता हा काही वेळा आजार असतो, त्याचं निदान होतं, त्यावर उपचार आहेत आणि बहुतेक माणसं त्यातून सावरतात.

आपल्याकडच्या कोणत्याही दवाखान्यात दिसणारं चित्र पाहा. पस्तिशीची गृहिणी. रात्री एकाएकी जाग येते. छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, श्वास पुरत नाही, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. घरचे धावतपळत दवाखान्यात नेतात. बीपी पाहतात, ईसीजी काढतात. सगळं नॉर्मल. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवतात. महिन्याभरात पुन्हा तेच. मग दुसरे डॉक्टर, तिसरे डॉक्टर, बेळगाव, कोल्हापूर, मिरज. टूडी इको, गॅसच्या गोळ्या, सलाईन, शक्तीची इंजेक्शनं. मधल्या काळात कोणी लिंबू उतरवतं, कोणी अंगारा आणून देतं. फाइल जाड होत जाते. आणि ती बाई एकटीनं बाजाराला जायचं सोडते, बसनं प्रवास टाळते, लग्नकार्याला नाही म्हणू लागते.

"काही नाही" हे उत्तर अर्धं बरोबर आहे. हृदयाला काही झालेलं नाही, हे खरं. पण त्या बाईला काही झालेलं नाही, हे खरं नव्हे. तिला जे झालं आहे त्याला वैद्यकशास्त्रात पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. भीतीचे अचानक झटके येण्याचा हा आजार चिंताविकारांच्या कुटुंबातला आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की आपण तपास संपला असं समजतो. खरं तर मनाचा तपास तिथून सुरू व्हायला हवा.

काळजी, कळवळ आणि आतंक

आपल्या भागात या आजाराची एक वेगळी अडचण आहे, ती भाषेची. 'काळजी' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो : काळजी घेणं आणि काळजी करणं. कन्नडमध्ये गेलेली 'काळजी' मात्र आस्थेच्या अर्थानं वापरतात. उलट कन्नडमधलं 'कळवळ' म्हणजे जिवाची तगमग, आणि आपला 'कळवळा' म्हणजे माया. सरकारी दवाखान्यातल्या कन्नड फलकावर चिंताविकारासाठी 'आतंक' हा शब्द दिसला, की मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं आतंकवादीच येतो!

शिवाय आपण मनाचं दुखणं मनाच्या शब्दांत क्वचितच सांगतो. मराठी बाई म्हणते, "जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो." कन्नड घरातली सासू म्हणते, "एदि ढवढव अंतैति, जीवक्क समाधान इल्ल." दोघी छाती, पोट आणि जीव यांच्याबद्दलच बोलतात. ऐकणारा डॉक्टर घाईत असेल, तर तो छाती आणि पोट तपासतो. जिवाबद्दल विचारायचं राहून जातं.

म्हणून दोन भाषांच्या घरांना एक सोपी सूचना. त्रास ज्या भाषेत जाणवतो, त्याच भाषेत तो सांगावा. कोल्हापूरकडची मुलगी कन्नड घरात सून म्हणून आली असेल, तर दवाखान्यात तिच्या वतीनं नवऱ्यानं किंवा सासूनं बोलू नये. तिला मराठीत बोलू द्यावं, अडलं तिथं भाषांतर करावं. कन्नडमध्ये वाढलेल्या आजोबांच्या बाबतीतही हेच.

साधी काळजी कुठं संपते?

काळजी ही मुळात उपयोगाची गोष्ट आहे. मराठा लाईट इन्फंट्रीतला मुलगा सीमेवर असेल आणि दोन दिवस फोन आला नाही, तर आई काळजी करणारच. तंबाखूचा किंवा उसाचा दर ठरत नसेल, तर शेतकऱ्याची झोप उडणारच. परीक्षेच्या आदल्या रात्री धाकधूक नसेल, तर अभ्यास कोण करील? कारण दूर झालं की ही काळजीही जाते. फोन येतो, माल विकला जातो, पेपर संपतो आणि माणूस पोटभर जेवून झोपतो.

आजारात असं होत नाही. कारण गेलं तरी काळजी राहते, किंवा ती नवं कारण शोधते. डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : काळजी प्रसंगाच्या मानानं किती मोठी आहे, किती काळ टिकली आहे आणि तिच्यामुळं रोजची कोणती कामं अडली आहेत.

चिंताविकारांचे मुख्य प्रकार असे आहेत. सतत सगळ्याचीच काळजी वाटणं, म्हणजे सर्वव्यापी चिंताविकार. यात निदान सहा महिने बहुतेक दिवस काळजी आवरत नाही आणि जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, अंग आखडणं, लक्ष न लागणं, झोप मोडणं अशा तक्रारी असतात. दुसरा पॅनिकचा आजार. झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो, पण 'पुन्हा येईल' ही धास्ती मागं उरते. तिसरा सामाजिक भीतीचा. चारचौघांत बोलताना, जेवताना, सही करताना लोक आपल्याला हसतील असं वाटतं. त्याशिवाय उंची, रक्त, साप अशा एकेका गोष्टीची अतोनात भीती, गर्दीची आणि प्रवासाची भीती, लहान मुलांमध्ये आईपासून दूर होण्याची भीती.

मुलांच्या बाबतीत आपल्या भागात अधिक सावध राहायला हवं. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलं पीयूसीला जातात, तेव्हा वर्गातली भाषा एकदम बदलते. काही महिने बिचकणं स्वाभाविक आहे. पण रोज सकाळी पोटात दुखणं, कॉलेजच्या दारातून परत येणं, तोंडी परीक्षेला गैरहजर राहणं असं चालू राहिलं, तर त्याला आळस म्हणू नये. हुशार मुलं या टप्प्यावर शिक्षण सोडतात आणि घरात कोणालाही खरं कारण कळत नाही.

महापुराच्या आठवणीही अनेकांच्या मनात आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगेच्या पुरानं नदीकाठची गावं हलली. पावसाचा जोर वाढला की आजही कोणाची झोप उडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

धडधड खरी असते

"सगळे मनाचे खेळ आहेत," हे वाक्य आजारी माणसाला सर्वांत जास्त दुखावतं. कारण त्याची धडधड खोटी नसते. शेतात अचानक नाग दिसला, तर मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, अॅड्रिनलिन रक्तात मिसळतं, हृदय जोरात चालू लागतं, स्नायू ताठरतात, पोटाचं काम मंदावतं. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराची ही तयारी असते. चिंताविकारात तीच घंटा नाग नसताना वाजते. माणूस जोरजोरात श्वास घेऊ लागतो, त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. ते पाहून तो आणखी घाबरतो. असं हे चक्र आहे.

हा काही आजकालच्या मोबाइलच्या जगाचा आजार नाही. चरकसंहितेतल्या मनोविकारांच्या यादीत चित्तोद्वेगाचं नाव आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात छातीत धडधडणाऱ्या आणि धाप लागणाऱ्या सैनिकांची नोंद डॉ. जेकब द कोस्टा यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केली. त्या धट्ट्याकट्ट्या सैनिकांपैकी अनेकांच्या हृदयात त्यांना दोष सापडला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की चिंता आणि नैराश्यासारखे नेहमी आढळणारे मानसिक आजार असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना होते. आजार अवघड म्हणून नव्हे, तर ओळखला जात नाही आणि सांगायची लाज वाटते म्हणून माणसं मागं राहतात.

निदान कसं होतं?

चिंताविकाराची रक्ततपासणी नाही. निदान बोलण्यातून होतं. मात्र आधी शरीराचे आजार बाजूला काढावे लागतात. थायरॉइड वाढलेला असेल तरी धडधडतं आणि हात थरथरतात. रक्त कमी असेल, साखर घसरत असेल, दम्याची काही औषधं चालू असतील, तरी असाच त्रास होतो. म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि ईसीजी एवढं एकदा नीट करून घ्यावं. पण दर महिन्याला नव्हे! तीच तपासणी पुन्हापुन्हा केली, की चार दिवस धीर येतो आणि पाचव्या दिवशी शंका परत येते.

एक इशारा इथंच द्यायला हवा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम आला असेल, वय चाळिशीपुढं असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर 'पॅनिक असेल' म्हणून घरी बसू नये. आधी दवाखाना गाठावा.

डॉक्टर सोपी प्रश्नावलीही वापरतात. त्यातली जीएडी-७ ही २००६ पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटणं, काळजी न आवरणं, निवांत बसता न येणं, चिडचिड होणं असा त्रास किती दिवस झाला, हे सात प्रश्नांतून विचारतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज १० किंवा अधिक आली, तर पुढची तपासणी करायला हवी. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. शेवटचा निर्णय डॉक्टरांचा.

उपचार दोन, दोन्ही उपयोगी

पहिला उपचार बोलण्याचा. अमेरिकेत डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि डॉ. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिलं, की प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक घाबरवतो. 'छाती धडधडली' आणि 'छाती धडधडली म्हणजे मी मरणार' यांतलं अंतर ओळखायला शिकवणं, हे या उपचाराचं मर्म. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईचे किशोर फडके यांनी भारतात रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेनं मनाच्या आरोग्याची भाषा मराठी घरांत नेली. कन्नडमध्ये हेच काम निम्हान्सचे डॉ. सी. आर. चंद्रशेखर यांनी आपल्या अनेक पुस्तकांतून केलं. आपल्या घरांना दोन्हीकडचं वाचता येतं, हे आपलं भाग्यच.

या उपचाराचा दुसरा भाग म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाणं. समजा, निपाणीच्या माणसाला बसची धास्ती आहे. पहिल्या आठवड्यात त्यानं रोज बसस्थानकावर अर्धा तास नुसतं बसायचं. मग सोबत घेऊन संकेश्वरपर्यंत जाऊन यायचं. मग एकट्यानं संकेश्वर. मग हत्तरगी. मग बेळगाव. प्रत्येक पायरीवर धडधडेल, पण उतरून पळायचं नाही. थांबलं की भीती वर चढते आणि आपोआप खाली येते. हे शरीरानं स्वतः अनुभवलं, की घंटा उगाच वाजायची कमी होते. टाळण्यानं मात्र भीती पोसली जाते. आज बस टाळली, की उद्या रिक्षाही नको वाटते.

दुसरा उपचार औषधांचा. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातली औषधं आज प्रथम वापरली जातात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, कधी अस्वस्थता थोडी वाढते. तिथंच अनेकजण गोळी सोडतात. सोडू नये, डॉक्टरांना विचारावं. बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर औषध घ्यावं लागतं आणि ते हळूहळू कमी करत थांबवायचं असतं. या गोळ्यांची चटक लागत नाही. गरोदर असाल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर आधी सांगावं.

योग आणि श्वसनाचाही उपयोग होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६० नंतरच्या काळात पतंजलींच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती अशा रुग्णांसाठी वापरून अभ्यासली होती. झटका आला, तर श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. मात्र आजार जुना असेल, तर योगाच्या भरवशावर औषध बंद करू नये.

झोपेची गोळी आणि तंबाखू

आपल्या भागात दोन गोष्टी आजार लपवतात आणि वाढवतात.

एक, 'झोपेची गोळी'. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अर्ध्या तासात जीव शांत करतात, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. थोडे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या उपयोगी पडतात. पण महिनोन्महिने घेतल्या तर त्यांची सवय लागते, डोस वाढतो, आणि एकदम बंद केल्या तर थरथर, निद्रानाश, क्वचित फिटसुद्धा येते. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम एच-१ या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि दुकानदाराला वेगळी नोंद ठेवावी लागते. शेजारणीची उरलेली पट्टी घेणं तर दूरच ठेवावं. बरेच दिवस घेत असाल, तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी.

दोन, तंबाखू. निपाणीचं अर्थकारण ज्या पिकावर उभं राहिलं, त्याच्याबद्दल बोलणं सोपं नाही. विडी वळणाऱ्या, वखारीत राबणाऱ्या बायकांचा दिवस कष्टाचा असतो आणि मिश्री लावली की बरं वाटतं, असं त्या सांगतात. ते खोटं नाही. निकोटिन उतरू लागलं की बेचैनी होते आणि पुन्हा मिश्री लावली की ती थांबते. म्हणजे जी बेचैनी तंबाखूनंच आणली, ती तंबाखू शमवतो. धूम्रपान सोडलेल्यांच्या अभ्यासात पहिले काही आठवडे गेल्यावर चिंता कमी झालेली दिसते. दारूचंही गणित असंच आहे. रात्री शांत करते, पहाटे धडधड आणते. दिवसाचे आठ-दहा कप चहा घेणाऱ्यांनी निदान संध्याकाळचे कमी करून पाहावेत.

कुठं जायचं?

'याला धारवाडला न्यायला हवं' हे वाक्य आपल्याकडं चेष्टेनं म्हणतात. धारवाडचं मनोरुग्णालय १८४५ चं, म्हणजे हा सगळा भाग मुंबई इलाख्यात असतानाचं. आज ती डिमहान्स ही शिक्षण आणि उपचार देणारी संस्था आहे आणि तिथं चिंतेनं हैराण झालेली, नोकरी-संसार करणारी माणसं बाह्यरुग्ण विभागात येऊन, औषध घेऊन घरी परततात. तिथं जाणं म्हणजे वेडाचा शिक्का, ही समजूत आता सोडायला हवी.

प्रत्येक वेळी तेवढं लांब जावं लागतंच असंही नाही. मानसिक आजारांचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतात, हे कर्नाटकानंच १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सच्या प्रयोगातून देशाला दाखवलं; १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच धर्तीवरचा. बेळगावात जिल्हा रुग्णालयात आणि केएलईच्या डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर जवळ पडतं. सुरुवात मात्र घरच्या डॉक्टरांपासून करायला हरकत नाही.

घराबाहेर पडणंच जमत नसेल, तर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठी, कन्नड दोन्ही भाषांत बोलता येतं. जगणं नकोसं वाटतंय असं कोणी म्हणालं, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीनं उपचार टाळू नयेत.

घरच्यांसाठी

"घाबरू नकोस" म्हणून कोणाची भीती जात नाही. "तुला जे होतंय ते खरं आहे, आणि ते बरं होणारं आहे," एवढं म्हणावं. त्याच्या वाटची सगळी कामं आपण करून टाकू नयेत. बाजाराला सोबत जावं, पण पिशवी त्याच्या हातात द्यावी. देवाला नवस बोलायचा असेल तर बोलावा, यल्लम्माच्या डोंगराला जायचं असेल तर जावं. फक्त दवाखान्याची तारीख चुकवू नये.

आणि डॉक्टरांकडं जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात, मराठीत किंवा कन्नडमध्ये : त्रास कधीपासून आहे, केव्हा वाढतो, त्यामुळं काय काय करायचं सोडलं आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या घेतल्या. तपासणी संपली आणि "काही नाही" असं उत्तर मिळालं, तर उठण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : "डॉक्टर, हा चिंतेचा आजार असेल का?"